हट्ट्याचा माणूस हरमलच्या वाळूत

झिरो फाट्यावरून औंढ्याकडे निघालं की जवळा बाजारच्या अलीकडे हिंगोली जिल्ह्यातलं आमचं हट्टा. पाणी म्हटलं की आम्हाला पूर्णा नदी आठवते, नाहीतर कालवा, नाहीतर येलदरी-सिद्धेश्वरात किती टक्के साठा झाला ही पेपरातली बातमी. समुद्राशी आमचं नातं मिठापुरतं. पण भाचा पुण्यात संगणकाच्या नोकरीला लागला आणि गोव्याच्या उत्तर टोकाला, हरमलला जायची त्याला चटक लागली. फलकांवर आणि पर्यटकांच्या तोंडी हरमलचंच आरंबोल झालं आहे. पोरगं तिथं नेमकं करतं काय हे बघून ये, म्हणून बहिणीने मला त्याच्याबरोबर धाडलं. पुढे तिने धाडायची गरज उरली नाही. आता नात्यातली, गावातली पोरं जाण्याआधी मला विचारून जातात. त्यांना जे सांगतो ते इथं लिहून ठेवतो.

१. गैरसोय फुकट मिळत नाही

भाच्याने घेतलेली खोली म्हणजे बांबूचा सांगाडा, विणलेल्या झावळ्यांच्या भिंती, एक लटकता बल्ब आणि पायाखाली थेट वाळू. आमच्याकडे आखाड्यावर राखणीला असली खोप बांधतात. भाडं ऐकून मी दोनदा विचारलं, "महिन्याचं का?" भाचा म्हणाला, "मामा, रात्रीचं."

त्याच रात्री लाइट गेली. शेजारच्या खोपीतल्या परदेशी पोरींनी टाळ्या वाजवल्या, मेणबत्त्या लावल्या, कुणीतरी गिटार काढली. मी अंधारात बसून हसत होतो. आमच्याकडे शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. मध्यरात्री बॅटरी घेऊन हळदीला पाणी द्यायला गेलेल्या माणसाची लाइट गेली तर तो काय बोलतो ते इथं छापता येणार नाही. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला, मराठवाड्यात काय-काय कमी आहे याचा हिशेब मांडला: रस्ते, सिंचन, वीज, दवाखाने. अनुशेष हा शब्द तेव्हापासून आमच्या घरातलाच झाला. त्या यादीतल्या निम्म्या गोष्टी हरमलच्या वाळूवर नाहीत, आणि त्या नाहीत म्हणून लोक विमानाने येतात. त्यांच्या खिशात परतीचं तिकीट असतं, एवढाच काय तो फरक.

अजून एक समजून घ्यायला मला वेळ लागला. ही झावळी गरिबीमुळे टिकलेली नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी १९९१ मध्ये किनारपट्टी नियमनाची अधिसूचना काढली, पुढे ती २०११ आणि २०१९ मध्ये बदलली. भरतीरेषेजवळ पक्कं बांधकाम करायला तिने आडकाठी घातली. म्हणून किनाऱ्यावरचे शॅक परवान्यावर हंगामापुरते उभे राहतात, पावसाळ्याआधी सोडून, बांधून, आत नेऊन ठेवतात. लोक ज्याला अस्पर्श निसर्ग समजून फोटो काढतात त्यातला बराचसा सरकारी कागदाने राखलेला आहे. आणि कागद कुठं-कुठं कसा वाकवला आहे तेही किनाऱ्याने चालताना दिसतं.

२. दूर म्हणजे कुठून दूर, ते विचारा

आम्हाला हरमल खरोखर दूर आहे. परभणीहून कोल्हापूरची रेल्वे रोजची नाही, ती धरायची. कोल्हापूरहून आजरा-आंबोली करत सावंतवाडी. तिथून पेडणे आणि मग गावची बस. आंबोलीत धुकं आणि ओल बघून मराठवाड्याच्या माणसाचा जीव जळतो, तो वेगळाच विषय.

पण ज्यांच्यामुळे हरमल नावारूपाला आलं ते याहून लांबून आले. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. त्या दशकाच्या उत्तरार्धात केस वाढवलेली गोरी पोरं इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली अशी जमिनीवरून, मोडक्या बसगाड्यांतून इथवर येऊ लागली. आधी कळंगुट, मग हणजूण. हणजूणचा प्रसिद्ध बाजार त्यांनीच सत्तरच्या दशकात सुरू केला. परतीचे पैसे संपले की अंगावरच्या वस्तू विकायला जागा हवी होती. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षाअखेरीला अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि तो जमिनीवरचा रस्ता बंद पडला. मग विमानं आली, हॉटेलं आली. कळंगुट भरलं तसे हे लोक उत्तरेला सरकले, हणजूण भरलं तसे हरमलला. हरमल भरायला लागल्यावर गोकर्णाला, कुडले आणि ओम किनाऱ्यांकडे. पुढे डांबर येतं आणि हे पुढे निघतात. त्यांच्या मागोमाग भाच्यासारखे येतात, भाच्याच्या मागोमाग माझ्यासारखे.

आता तर पेडणे तालुक्यातच मोपाला विमानतळ झाला आहे. जानेवारी २०२३ पासून तिथं विमानं उतरतात. तेव्हा ‘जगापासून तुटलेला किनारा’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्यावं आणि सोबत सुटे पैसे ठेवावेत.

३. भरती पंचांगात बघता येते

हरमलच्या मोठ्या किनाऱ्यावरून गोड्या तळ्याकडे जायचं तर टेकडीच्या कडेने, खडकांवरून वाट आहे. वाटेवर कपड्यांची, चामड्याच्या पिशव्यांची, रंगीत खड्यांची दुकानं लागतात. भरती आली की खालच्या खडकांवर लाटा आपटतात.

मोबाइलवर भरतीची वेळ दिसते, पण रेंज असेल तर. मला तिथल्या एका म्हाताऱ्या होडीवाल्याने तोंडी हिशेब शिकवला आणि तो आपल्या माणसाला चटकन समजतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दुपारी तशीच रात्री. मुंबईकडे हे बरोबर बसतं, गोव्याकडे थोडं अलीकडे धरायचं. रोज भरती पाऊण तासाने, फार तर पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. एकादशी कोणत्या दिवशी हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे भाच्यापेक्षा माझा हिशेब आधी होतो. त्याला अजून ॲप उघडावं लागतं.

४. शांत दिसणाऱ्या पाण्यात उतरू नका

आमची पोरं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला डबा बांधून किंवा कमरेला दोर लावून बाप ढकलतो, आणि आठ दिवसांत पोरगं काठावरून सूर मारायला लागतं. पण विहीर कुणाला ओढून नेत नाही. समुद्रात दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा सपाट, जरा गडद, निवांत वाटतो. गावाकडचा माणूस नेमका तिथंच शिरतो. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच पट्ट्यातून परत आत जात असतं आणि माणसाला घेऊन जातं. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याबाहेर निघायचं. दम नसेल तर नुसतं तरंगायचं आणि हात वर करायचा.

गोव्यात २००८ पासून ‘दृष्टी’चे जीवरक्षक किनाऱ्यावर नेमलेले आहेत. लाल झेंडा दिसला की पाण्यात जायचं नाही. "मामा, गुडघाभरच आहे" असं म्हणणाऱ्याचा दंड धरून बाहेर काढायचा. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला आलेल्यांपैकी डझनाहून जास्त मुलं-मुली एका दुपारी बुडाली. त्या दिवशी वादळ नव्हतं, काही नव्हतं. एवढं सांगितलं की सहसा पुढे बोलावं लागत नाही.

५. गोडं पाणी कुठून आलं ते बघा

तळ्याची गंमत सगळे सांगतात: वाळूचा एक पट्टा, त्याच्या या अंगाला खारा समुद्र, त्या अंगाला गोडं पाणी. लोक पोहतात, वर ओढ्याकाठची पिवळी माती अंगाला फासून उन्हात बसतात. इतके पिवळे झालेले लोक मी फक्त लग्नाच्या आदल्या दिवशी पाहिले होते. हळद आमची, आणि ही मंडळी मातीवर भागवतात, याची थोडी हळहळ वाटली.

मला मात्र पाण्याचं कोडं होतं. एप्रिलमध्येही हे आटत कसं नाही? वर चढून गेल्यावर उत्तर मिळालं. डोक्यावर जांभ्या दगडाचा सडा आहे. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी पितो आणि महिनोन्‌महिने खालच्या झऱ्यांतून सोडत राहतो. आमच्याकडे काळी माती आणि तिच्याखाली काळा पाषाण. माती पाणी धरते, पण उन्हाळ्यात भेगा पडतात आणि खालचा दगड आत फारसं मुरू देत नाही. मराठवाड्यातल्या माणसाने हरमलला जाऊन समुद्रापेक्षा हा झरा जास्त वेळ बघितला तर त्याला हसू नये.

ओढ्याने आत जंगलात गेलं की एक जुना वड लागतो. पारंब्यांखाली धुनी, भोवती चार देशांची माणसं, चपला बाहेर काढलेल्या, मधे जटाधारी. भाचा दबक्या आवाजात म्हणाला, "इथं वेगळीच एनर्जी आहे मामा." महाशिवरात्रीला औंढ्याला नागनाथाच्या देवळाबाहेर हेच सगळं मी लहानपणापासून पाहिलं आहे, चिलमीसकट, त्यामुळे मी नमस्कार केला आणि सावलीला बसलो. आमच्या जिल्ह्याने भटका माणूस पाहिला नाही असं नाही. नामदेव आमच्या नर्सीचे. औंढ्याला गुरू विसोबा खेचर भेटले, आणि पुढे हा शिंप्याचा पोर पार पंजाबात घुमानला जाऊन राहिला. तिथल्या लोकांनी त्याला असा आपला मानला की गुरू ग्रंथसाहिबात त्याची ६१ पदं आहेत. तेराव्या-चौदाव्या शतकात, पायी. हे मी वडाखाली बसलेल्या एका इस्रायली पोराला भाच्याकरवी सांगितलं. सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून तो निघाला होता. त्याने एकच विचारलं, "परत आले का ते?" वारकऱ्यांच्या मते समाधी पंढरपूरला, महाद्वाराच्या पायरीशी, पंजाबातले म्हणतात घुमानला. दोन्ही सांगितलं. त्याला ते फार आवडलं.

६. रापण ओढायला हात लावला तर शेवटपर्यंत लावा

पहाटे उठलात तर कधी-कधी रापण बघायला मिळते. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ मारते आणि दोराची दोन टोकं किनाऱ्यावर दोन जागी येतात. प्रत्येक टोकाला माणसांची रांग. दोर कमरेशी घेऊन, टाचा वाळूत रोवून, अंग मागे टाकत ओढायचं. रांगेतला शेवटचा माणूस मागे पोचला की दोर सोडून चालत पुढे पाण्याशी येतो आणि नव्याने धरतो. त्यामुळे रांग तीच दिसते आणि माणसं सतत बदलत असतात. दोन रांगा हळूहळू जवळ येतात. जाळं उथळात आलं की पाणी चंदेरी व्हायला लागतं, कावळे आणि कुत्री कुठून येतात कळत नाही, पाट्या घेतलेल्या बाया पुढे सरसावतात. बांगडे, तारले, पेडवे. नशीब नसेल त्या दिवशी शेवाळ, जेली आणि प्लास्टिकच्या बाटल्या.

किनाऱ्यावर फिरणारे हौशी लोक धावत येऊन दोर धरतात, फोटो होतो, पाच मिनिटांत हात सोडतात. ओढणाऱ्यांचा ताल बिघडतो. मी शेती केलेला माणूस, मला दोर सोडवेना. जाळं बाहेर आल्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुमी खंयचे?" हिंगोली म्हटलं तर चेहरा कोरा. औंढा नागनाथ म्हटल्यावर त्याने मान डोलावली. मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, हातांचा वाटा. माझ्यापुढेही पाच-सहा बांगडे आले. गळ्यातली माळ दाखवली तेव्हा तो हसला आणि भाच्याच्या हातात दिले.

या जाळ्यामागे मोठी लढाई आहे. साठच्या दशकापासून गोव्यात यांत्रिक ट्रॉलर आले आणि किनाऱ्याजवळची मासळी खरवडून नेऊ लागले. रापणकार सत्तरच्या दशकात रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा हे त्यांच्या पुढाऱ्यांतलं मोठं नाव. किनाऱ्यालगतच्या पाण्यात ट्रॉलरना मनाई करणारा सागरी मासेमारीचा कायदा १९८० मध्ये झाला तो या रेट्याने. ज्या वाळूवर आपण चटई टाकून मोकळं-मोकळं वाटतंय म्हणतो, ती कुणाची तरी कामाची जागा आहे, खळ्यावर कुणी योगासनं घातली तर आपण काय म्हणू तेवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

७. मोबाइल खिशात

आपल्याकडून चार-पाच पोरं गाडी करून येतात आणि किनाऱ्यावर पडलेल्या बायकांकडे मोबाइल रोखून फिरतात. तोंडात हसू असतं. गोव्याच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये पर्यटकांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका अशी सूचनाच काढली. सूचना काढावी लागली यातच सगळं आलं. गावात कुणाच्या बहिणीकडे असं बघितलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांना विचारतो. उत्तर देत नाहीत.

८. बहिणीला काय सांगितलं

उघड्या किनाऱ्यावर दारू पिणं आणि बाटल्या फोडणं यावर गोव्याने २०१९ मध्ये दंड बसवला: तेव्हा एकट्याला २ हजार, टोळक्याला १० हजार रुपये. चिलमीत जे असतं त्याला १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा देशभर सारखाच लागतो. समोरचा पंधरा वर्षं रोज ओढतोय ही सबब चौकीत चालत नाही. भाड्याची स्कूटर घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच, पांढऱ्या पाटीची नाही.

पोरांना हे सांगतो, बहिणीला मात्र एवढंच सांगितलं की पोरगं सकाळी लॅपटॉपवर काम करतं, दुपारी झोपतं, संध्याकाळी ढोल बडवणाऱ्यांच्या रिंगणात उभं राहतं. नाचतं का, तिने विचारलं. नाचतो, पण बरा नाचत नाही.

९. रात्री गावात जा

सूर्य बुडताना किनाऱ्यावर रोज ढोलांचं रिंगण जमतं. तास-दीड तास बरं वाटतं, मग तोच-तो ठेका. हिवाळ्यात गेलात तर आसपास कुठं जत्रा आहे का याची चौकशी करा आणि दशावतार बघायला जा. पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला, त्याआधी तो सावंतवाडीकरांचा. इथली देवळं, भजनं, नाटकं सगळी कुडाळ-सावंतवाडीच्या वळणाची. लिहिलेली संहिता नसते. पेटी, मृदंग, झांज, एक बाकडं. त्यावरच दरबार आणि त्यावरच कैलास. पुरुषच राणी होतात आणि त्यांचं रडणं ऐकून पुढच्या बाया पदर डोळ्यांना लावतात. भाषा आपली, त्यामुळे मला घरी आल्यासारखं झालं. किनाऱ्यावर इतकी वर्षं हिवाळा काढणाऱ्या किती परदेश्यांनी हे पाहिलं असेल कोण जाणे. देऊळ वाळूपासून फार लांब नसतं.

दिवसा जमलं तर केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला जाऊन या. नदीपलीकडे, महाराष्ट्राच्या अंगाला चिकटलेला, तरी गोव्याचा किल्ला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तिथं तिरंगा लावला होता.

१०. रस्ता आपल्याकडूनही निघतो आहे

शक्तिपीठ महामार्गाचा नकाशा पेपरात आला तेव्हा भाच्याने मला रात्री फोन केला. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर. पत्रादेवी पेडणे तालुक्यातच. आणि आखणी आमच्या हिंगोली जिल्ह्यातून, वसमत तालुक्यातल्या शेतांवरून. नागपूर-गोवा प्रवास १८ तासांवरून ८ तासांवर येईल असं सरकार सांगतं. "मामा, शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, रात्री हरमल," तो म्हणाला. कोल्हापूर-सांगलीपासून आमच्याकडच्या शेतकऱ्यांपर्यंत या रस्त्याला विरोध आहे. हळदीच्या, उसाच्या बागायती रानातून सहापदरी रस्ता जाणार म्हटल्यावर मोजणीला कोण हौसेने उभं राहील? हरमलकडेही जमिनीवरून लोक तापलेले आहेत. कुणाची डोंगरउतारावरची, कुणाची भाताची, विकत घेणारा बहुतेक दिल्लीचा.

पारावर एक जण भेटला, त्याचं रान आखणीत येतंय म्हणतात. मी तिकडे जाऊन येतो हे त्याला माहीत. म्हणाला, "दादा, रानं घेऊन रस्ता करायलेत, पण त्या टोकाला हाय तरी काय?"

मी म्हटलं, समुद्र आहे, आणि जिथं रस्ता नाही तिथंच राहायचं म्हणून हजारो कोसांवरून आलेली माणसं आहेत.

त्याने तंबाखू मळत थोडा विचार केला. "मग त्यायला म्हणावं हट्ट्याला या," तो म्हणाला. "मोजणीवाले यायच्या आत."